विचारण्याची तालीम

२५ सप्टेंबर ही तारीख आपल्या पंचांगात कुठे येऊन बसेल याचा नेम नसतो. एखाद्या वर्षी ती गणपतीच्या आरत्यांत सापडते, एखाद्या वर्षी पितृपंधरवड्यात, तर एखाद्या वर्षी घरोघरी घट बसलेले असताना. पाऊस ओसरत आलेला असतो, भिंतींची ओल मात्र गेलेली नसते. सर्दी-तापाची साथ रेंगाळत असते आणि संध्याकाळी गावातल्या मेडिकलसमोर गर्दी दाटलेली असते. अशा दिवसांत जागतिक फार्मासिस्ट दिन येतो. फार्मासिस्टांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना १९१२ साली याच तारखेला झाली आणि २००९ मध्ये इस्तंबूलच्या अधिवेशनात हा दिवस जगभरच्या फार्मासिस्टांचा म्हणून ठरला. आपल्याकडे तो आता चांगला रुजला आहे. फार्मसी महाविद्यालयांत सकाळपासून लगबग असते. इस्त्रीचे पांढरे ॲप्रन घालून मुले-मुली फेरी काढतात, रांगोळीत खलबत्ता रेखतात, गावातल्या जुन्याजाणत्या मेडिकलवाल्यांना शाल-श्रीफळ देतात आणि शेवटी हात पुढे करून शपथ घेतात. विशीच्या आगेमागे असलेल्या त्या चेहऱ्यांवर तेव्हा जे गांभीर्य उतरते ते अगदी खरे असते.

दिवस साजरा करता करता हिशेब मांडण्याची आपली जुनी रीत आहे. दिवाळीच्या पाडव्याला वही उघडते, खंडेनवमीला हत्यारे पुसून त्यांना झेंडूचे फूल वाहिले जाते, आणि पुसताना कुठल्या पात्याला गंज चढला आहे तेही दिसते. तसाच हिशेब या दिवशी व्हावा असे वाटते. शपथ घेणाऱ्या या मुलांपैकी पुष्कळांना औषधाच्या रेणूची रचना फळ्यावर काढता येते, ते शरीरात कुठे शोषले जाते आणि कुठून बाहेर पडते हे सांगता येते. पण समोर उभ्या असलेल्या, कपाळाला आठ्या घातलेल्या, घाईत असलेल्या अनोळखी माणसाला “तुम्हाला काय होतंय?” एवढे विचारायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. हे विचारणे शिकवता येते का, आणि शिकवायचे तर कसे, याचा विचार आपण आजच्या निमित्ताने करू.

एक तास डोळ्यांसमोर आणू या. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात दोन टेबले जोडून काउंटर केला आहे. मागे फळीवर औषधांची रिकामी खोकी. काउंटरच्या अलीकडे महाविद्यालयाच्या ग्रंथपाल बाई हातात कापडी पिशवी घेऊन उभ्या आहेत. त्यांना आदल्या दिवशी एक कागद दिलेला आहे: वय ५६, मधुमेह, रोज ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची गोळी, नवरात्राचे नऊ दिवस उपवास, आज चौथी माळ. कागदाच्या तळाशी लिहिले आहे की विचारल्याशिवाय यातले काही सांगायचे नाही. बाई जुनी चिठ्ठी पुढे करतात आणि म्हणतात, “या गोळ्या दे बाळा, आणि एक पित्ताची गोळी पण दे.”

पहिला विद्यार्थी चिठ्ठी नीट वाचतो, गोळ्या बरोबर काढतो, मुदत संपल्याची तारीख तपासतो, “सकाळी नाश्त्याच्या आधी एक, कळलं ना काकू?” असे विचारतो. काकू “हो” म्हणतात. सगळे मिनिटभरात आटोपते आणि त्यात चूक अशी एकही दाखवता येत नाही. मग शिक्षक पुढचा कागद वाचतात: या काकूंना पाचव्या माळेला दुपारी देवळाच्या पायऱ्यांवर घेरी आली.

दुसरी मुलगी सावध होते. ती विचारते, “काकू, उपवास धरलाय का?” काकू सांगतात, “धरलाय की, नऊ दिवसांचा.” मुलीला पाठ असलेले सगळे एकदम आठवते आणि ती म्हणते, “मधुमेहात उपवास अजिबात चालत नाही, आजच सोडा.” काकूंचा चेहरा मिटतो. “बावीस वर्षं करतेय मी. तू गोळ्या दे.” माहिती बरोबर होती, काळजी खरी होती, आणि संवाद तिथेच संपला.

तिसरा मुलगा जरा वेगळ्या वाटेने जातो. “उपवासाला दिवसभरात काय काय घेता, काकू?” सकाळी चहाबरोबर गोळी, दुपारी उशिरा भगर, मग रात्री आरती झाल्यावर फराळ. “मधे कधी कसंतरी होतं का? घाम येतो, हात थरथरतात?” काकू थांबतात. “चारच्या सुमाराला होतं खरं. उपवासाचं पित्त चढतं, दुसरं काय.” आता वर्गातल्या सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडतो. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. माणूस जेवला आहे की नाही, हे ते पाहत नाही. सकाळी गोळी पोटात जाते आणि अन्न दुपारपर्यंत जात नाही, म्हणजे रक्तातली साखर उतरणार, घाम सुटणार, थरथर होणार. काकू ज्याला पित्त म्हणतात ते पित्त नव्हे. गोळीचा डोस बदलणे हे या मुलाचे काम नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. डॉक्टरांना आजच फोन करून हे सांगणे मात्र त्याचे काम आहे. शिवाय, पुन्हा असे झाले तर लगेच दोन-तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि घरच्यांना हाक मारायची, हेही त्यानेच समजावून द्यायचे. “साखर उपवासाला चालते ना, काकू?” असे तो विचारतो तेव्हा काकू प्रथमच हसतात. व्रताला धक्का लागत नाही आणि जीवालाही.

तिघांनाही ग्लिमेपिराइडचा धडा सारखाच येत होता, हे इथे विसरायला नको. फरक पडला तो विचारण्यात, आणि कुठला प्रश्न आधी, कुठला नंतर, कुठल्या स्वरात यात. या अशा तासाला प्रसंगाधारित शिक्षण म्हणतात. प्रसंग विद्यार्थ्यासमोर ठेवायचा, तो जे बोलेल त्यानुसार प्रसंगाने वळण घ्यायचे, आणि वळणाचा परिणाम त्याला तिथल्या तिथे दिसू द्यायचा. वर्गात काकूंना घेरी आली तर कोणाचेही नुकसान होत नाही. काउंटरवरची पहिली चूक कधीतरी होणारच असते. ती कोणाच्या आईवर न होता ग्रंथपाल बाईंवर झाली, तर ते महाविद्यालय आपले कर्तव्य बजावते आहे असे आपण म्हणू.

या पद्धतीची सुरुवात वैद्यकीय शिक्षणात झाली. लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज नावाच्या मज्जाविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये एका निरोगी स्त्रीला आजारी व्यक्तीची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर उभे केले. तपासणी झाल्यावर ती विद्यार्थी कसा वागला तेही सांगे. त्या काळी अनेकांना हे थिल्लर वाटले. वैद्यकात नाटक कशाला, असा सूर निघाला. पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी त्याच विचाराला परीक्षेचे रूप दिले: ओळीने मांडलेली ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी एक छोटे काम, ठरलेली मिनिटे, घंटा वाजली की पुढे. आज जगातल्या अनेक फार्मसी महाविद्यालयांत विद्यार्थ्याचे संवादकौशल्य असेच जोखले जाते. योगायोग असा की बॅरोज यांनी हा प्रयोग केला त्याच १९६३ मध्ये पुण्यात पुरुषोत्तम करंडक सुरू झाला. भूमिकेत शिरण्याची, दुसऱ्याच्या अंगाने विचार करण्याची जी तयारी आपल्या महाविद्यालयीन एकांकिकांच्या तालमींत वर्षानुवर्षे होत आली, ती फार्मसीच्या वर्गाकडे वळवायला आपल्याला फार दूर जावे लागणार नाही.

आपल्या फार्मसी शिक्षणाची घडण मुळात वेगळ्या गरजेतून झाली, हे मात्र समजून घ्यायला हवे. १९३० च्या सुमारास देशात भेसळीच्या आणि निकृष्ट औषधांचा सुळसुळाट होता. त्याची चौकशी करायला कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. १९३२ मध्ये महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात फार्मसीचे शिक्षण सुरू केले. तेव्हा देशाला औषध बनवणारी आणि पारखणारी माणसे हवी होती, आणि त्या शिक्षणाने ती दिली. १९५७ मध्ये मुंबईत बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी उभे राहिले तेही अशाच उभारणीच्या काळात. महाराष्ट्रातले, गोव्यातले, गुजरातेतले औषधकारखाने आज जगाला गोळ्या पुरवतात, त्यामागे त्या पिढ्यांची मेहनत आहे. पण औषध कारखान्यातून निघून ज्या हातांनी शेवटी रोग्याच्या ओंजळीत पडते, त्या हातांच्या शिक्षणाकडे आपले लक्ष फार उशिरा गेले. रुग्णाशी संबंध येणारी फार्मसी प्रॅक्टिस ही शाखा आपल्याकडे नव्वदच्या दशकात म्हैसूर, उटीसारख्या ठिकाणी मूळ धरू लागली. २००८ मध्ये सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आला. २०१५ मध्ये फार्मसी प्रॅक्टिसचे नियम आले आणि त्यांत एक मोलाची गोष्ट आली: चिठ्ठी हाती आल्यावर नोंदणीकृत फार्मासिस्टने रुग्णाशी किंवा त्याच्या माणसाशी औषधाबद्दलचे बोलणे स्वतः होऊन सुरू करायचे आहे. रुग्णाने विचारावे म्हणून थांबायचे नाही. काउंटरवर आपण किती वेळा असे बोलणे ऐकले, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

डी.फार्म. या पदविकेसाठी २०२० चे शिक्षण नियम आले तेव्हा प्रात्यक्षिकांच्या यादीत रुग्णाची भूमिका घेतलेल्या व्यक्तीला मधुमेह, रक्तदाब, दमा यांविषयी समजावून सांगण्याचा सराव आला. इन्हेलर आणि इन्सुलिन पेन कसे वापरायचे ते दाखवण्याचा सराव आला. हे बदल करणाऱ्यांचे आपण मनापासून अभिनंदन केले पाहिजे, कारण खेड्यापाड्यांत आणि तालुक्याच्या गावी काउंटरमागे उभा असतो तो मुख्यतः हा डी.फार्म. झालेला मुलगा किंवा मुलगी. कागदावर आलेली ही गोष्ट वर्गात कशी उतरते यावर सगळे आहे. प्रात्यक्षिकाची वही भरण्यापुरता एक मुलगा रुग्ण, दुसरा फार्मासिस्ट, संवाद आधीच लिहून पाठ केलेला, दोघेही हसू दाबत उभे, असे झाले तर त्याने काही साधणार नाही. पाठ केलेल्या संवादात रुग्ण कधी अनपेक्षित उत्तर देत नाही. खऱ्या काउंटरवर तो तेवढेच देतो.

अनपेक्षित उत्तराचा आणखी एक नमुना पाहू. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट दिले जाते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तपेशींवर, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरावर घाला पडतो आणि माणूस दगावूही शकतो. जगभर ही चूक झालेली आहे, आणि ती होते ती बहुधा एका साध्या कारणाने: बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. प्रसंगात आजोबा आहेत. विद्यार्थिनी त्यांना स्पष्ट सांगते, “आठवड्यातून एकदाच हं, आजोबा. कळलं ना?” आजोबा मान डोलावतात. “कळलं का” या प्रश्नाला आपल्याकडे “नाही” असे उत्तर देण्याची रीत नाही. शिकलेल्या माणसासमोर, आणि मागे चार माणसे खोळंबलेली असताना, नाही म्हणायला संकोच वाटतो. म्हणून शिक्षक तिला दुसऱ्या खेपेला वेगळे विचारायला सांगतात. “घरी गेल्यावर सूनबाईंना कसं सांगाल, आजोबा? मला सांगून दाखवा बरं.” आजोबा म्हणतात, “ही सकाळची, एक एक.” काळजात धस्स होते ते तिथे. मग ती चिठ्ठीवर “सोमवार” असे ठसठशीत लिहिते, आजोबांकडून वार वदवून घेते, फॉलिक ॲसिडची गोळी वेगळी आहे आणि ती डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या वारी घ्यायची आहे हे दाखवते, आणि पुन्हा एकदा सांगून दाखवायला लावते. तीन मिनिटे जातात. त्या तीन मिनिटांची किंमत रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत किंवा अतिदक्षता विभागात मोजली जाऊ शकली असती.

चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. रोग्याच्या चार गुणांत आपल्याला काय होते ते नीट सांगता येणे हाही एक गुण त्याने मोजला आहे. हा गुण रोग्याच्या एकट्याच्या हाती नसतो. कोणी ऐकायला तयार आहे असे दिसले की गप्प माणूसही बोलता होतो, आणि नजर चुकवून विचारले की बोलका माणूसही आखडतो. तालमीनंतर जी चर्चा होते तिचे सारे महत्त्व इथे आहे. रुग्ण झालेल्या बाई सांगतात, “तू विचारलंस सगळं, पण विचारताना गोळ्यांच्या पाकिटाकडे बघत होतास. मला वाटलं, तुला घाई आहे.” असे वाक्य कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. विद्यार्थ्याच्या मनात ते पुढे कितीतरी वर्षे राहील.

आता हे पडद्यावरही करता येते. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने ‘मायडिस्पेन्स’ नावाची संगणकावरची फार्मसी तयार केली आणि ती जगभरच्या फार्मसी संस्थांना मोफत खुली ठेवली. विद्यार्थी तिथे चिठ्ठी पाहतो, रुग्णाला प्रश्न विचारतो, औषध निवडतो, लेबल लावतो, आणि कुठे काय राहिले ते त्याला शेवटी कळते. इंग्लंडमध्ये कील विद्यापीठाने आभासी रुग्ण घडवले. अशा साधनांचा मोठा गुण म्हणजे ती थकत नाहीत. लाजाळू मुलगी रात्री वसतिगृहात बसून तोच प्रसंग सात वेळा चुकवू शकते आणि कोणी तिला हसत नाही. साठ मुलांच्या तुकडीला एक शिक्षक असतो अशा ठिकाणी याची मदत फार आहे. तरीही आपले मत असे की पडदा हा तालमीचा पहिला टप्पा असावा. खोकणारा, कानाने कमी ऐकणारा, मधेच पैशांची चिंता काढणारा, “अर्धीच पट्टी दे, बाकीची पगार झाल्यावर नेतो” म्हणणारा माणूस समोर उभा राहिल्याशिवाय मन तयार होत नाही.

आणि ती माणसे आपली हवीत. परदेशी पुस्तकातले प्रसंग भाषांतर करून वापरले की त्यातली माणसे परकी वाटतात आणि मुलेही त्यांच्याशी परक्यासारखी बोलतात. आपल्याकडे प्रसंगांना काय तोटा! जुलाबाची जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण घालायची असते; आई मात्र ती काटकसरीने चिमूट चिमूट पेल्यात घालते आणि बाळाला देते. दम्याची कॅप्सूल यंत्रात घालून ओढायची असते. आजोबा ती पाण्याबरोबर गिळतात आणि औषधाचा गुण येत नाही म्हणतात. क्षयरोगाच्या रुग्णाला रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होईल असे कोणी सांगितलेले नसते. तो रक्त समजून घाबरतो आणि गोळ्या बंद करतो, मग तो आजार अधिक हट्टी होऊन परत येतो. तापाचे थेंब आणि तापाचे सिरप यांत पॅरासिटामॉलचे प्रमाण वेगळे असते, पण घरात चमचा एकच असतो. औषधाच्या बाटलीतल्या पावडरीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालायचे, हे रात्री अकराला तापलेल्या बाळाला कडेवर घेतलेल्या बापाला कसे सांगायचे? वऱ्हाडातल्या शेतकऱ्याशी, मालवणी बोलणाऱ्या म्हातारीशी, गोव्यात कोकणीतून, नंदुरबारकडे दुभाष्या नातवाच्या मदतीने, चाकणच्या कारखान्यातल्या बिहारच्या कामगाराशी मोडक्यातोडक्या हिंदीत, हे सगळे बोलणे वेगवेगळे आहे. आपल्या प्राध्यापकांनी आपापल्या परिसरातले असे प्रसंग लिहावेत, एकमेकांना द्यावेत, त्यांचा साठा वाढवावा. हे काम कोणी तरी फार पूर्वीच हाती घ्यायला हवे होते.

यात नकार देण्याचाही सराव असावा. खोकला झालेला तरुण येतो आणि चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागतो, “मागच्या वेळी याच गोळीनं बरं वाटलं होतं” म्हणतो. २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीतली औषधे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि त्यांची वेगळी नोंद तीन वर्षे जपावी लागते, हे विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. कायदा सांगून नकार दिला की तरुण शेजारच्या दुकानात जातो. खोकला किती दिवसांचा, ताप आहे का, दम लागतो का हे विचारून, आज काय करता येईल आणि कुठल्या लक्षणांना डॉक्टरकडे जायलाच हवे हे सांगून नकार दिला, तर तो कदाचित थांबतो. तसेच एखादी मुलगी येते, दुकान रिकामे होईपर्यंत शाम्पूच्या बाटल्या न्याहाळत राहते आणि मग हळूच आणीबाणीची गर्भनिरोधक गोळी मागते. तिथे काय विचारायचे, आवाज किती ठेवायचा, चेहऱ्यावर काय उमटू द्यायचे नाही, हे वर्गात एकदा तरी अनुभवलेले असावे.

वर्गातून बाहेर पडल्यावर मात्र मुलाला जे दुकान भेटते त्याची घडी निराळी असते. तिथे चिठ्ठ्या धरलेले चार हात एकदम पुढे आलेले असतात, मालकाचे लक्ष गल्ल्याकडे असते, बोलायला आडोसा नसतो. कुठे कुठे भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र टांगलेले असते आणि त्यावर नाव असलेला माणूस दुकानात नसतो. महाराष्ट्रात २०१२ च्या सुमारास फार्मासिस्ट हजर असल्याशिवाय औषधे विकू नयेत यासाठी अन्न व औषध प्रशासनाने मोहीम उघडली, तेव्हा उठलेले वादळ अनेकांना आठवत असेल. डी.फार्म.च्या मुलाला अभ्यासक्रमानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. ते तास खोकी उघडण्यात आणि माल लावण्यात गेले तर वर्गातली सारी तालीम वाया जाते. म्हणून जुन्याजाणत्या दुकानदारांचे या कामी मोठे सहकार्य हवे. चाळीस वर्षे काउंटरवर उभे राहिलेल्या माणसाला कोणाला काय आणि कसे विचारावे याचे जे भान आलेले असते, ते वर्गात येऊन सांगायला त्यांना कोणी बोलावतही नाही. शाल-श्रीफळाबरोबर तेही आमंत्रण द्यावे.

परीक्षेबद्दलही एक शब्द. मुले परीक्षेत जे येते तेच शिकतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. २०२२ च्या नियमांनी डी.फार्म.साठी जी एक्झिट परीक्षा ठरली ती बहुपर्यायी प्रश्नांची आहे. मोठ्या संख्येच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यायची तर हे सोयीचे आहे, आणि ज्ञानाची चाळणी म्हणून उपयोगीही. पण चार पर्यायांतून बरोबर उत्तर हेरणाऱ्या मुलाला काकूंचा चौथ्या माळेचा उपवास ओळखता येईल याची खात्री त्यातून मिळत नाही. वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तरी दोन-तीन ठिकाणे, दोन-तीन जिवंत रुग्ण आणि पाच-पाच मिनिटे, एवढे प्रत्येक महाविद्यालयाला आजही करता येण्याजोगे आहे. त्यासाठी कुठल्या नव्या इमारतीची किंवा यंत्राची गरज नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये सांगितले होते की प्रगत देशांतही दीर्घकालीन आजारांचे जवळपास निम्मेच रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात. संशोधनावर, कारखान्यांवर, इस्पितळांवर होणारा एवढा खर्च शेवटच्या दोन हातांच्या अंतरात गळून जातो. ते अंतर बोलण्याने भरते, आणि बोलण्याच्या दुसऱ्या टोकाला आपण उभे असतो. काउंटरमागच्या मुलीने काही विचारले तर “डॉक्टरांनी लिहिलंय ना, तेवढं दे” असे म्हणून तिला गप्प करणारे आपणच असतो. यंदा तिने विचारले तर दोन मिनिटे थांबू. आणखी एक गोष्ट आपल्या हाती आहे. आपल्या तालुक्याच्या गावी फार्मसीचे महाविद्यालय असेल तर तिथल्या प्राध्यापकांना भेटून, “तुमच्या तालमीला रुग्ण हवा आहे का?” असे विचारावे. निवृत्त शिक्षक, एकेकाळी नाटकात काम केलेले बँकेतले साहेब, बचतगटाच्या ताई, कोणीही चालेल. जाताना घरातल्या औषधांची पिशवी, अर्धवट संपलेल्या पट्ट्या, नावे पुसट झालेल्या बाटल्या आणि दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या यांसह, जशी आहे तशी न्यावी; आवरून नेऊ नये.